एकच बर्नर पिवळा जळतो, सिमवर फट् करून विझतो

ताकभात:
दोन बर्नरची शेगडी, 14.2 किलोचा सिलिंडर. डावा बर्नर निळा जळतो. उजव्याची ज्योत मोठी पण पिवळी, भांड्यांची बुडं काळी होतात. सिमवर नेलं की फट् असा आवाज होऊन विझतो. पितळी टोपी घासून झाली, फरक नाही. रेग्युलेटर बदलावा का?

पाना_पक्कड:
रेग्युलेटरला हात लावू नका. तो बिघडला असता तर दोन्ही बर्नर रुसले असते.

ज्योत मोठी आहे, म्हणजे गॅस पुरेसा येतोय, हवा कमी पडतेय. एलपीजीच्या एका भागाला साधारण 25 ते 30 भाग हवा लागते. त्यातली काही जेटमधून, म्हणजे नॉबमागच्या बारीक भोकाच्या तोंडातून, सुटणारा गॅस सोबत ओढून घेतो, जेटसमोरच्या नळीच्या तोंडातून. त्या नळीत कोळ्याचं जाळं किंवा उतू गेलेलं दूध वाळून बसलं की हवा अडते. टोपी कितीही घासा, चोंदलंय खाली.

सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, शेगडी गार होऊ द्या. टोपी काढून शेगडी उलटी करा, नळीचा स्क्रू सोडवा आणि बाटली धुवायच्या बारीक ब्रशने नळी आरपार साफ करा. बसवताना जेट नळीच्या बरोबर मध्यावर हवा. नळी तिरकी बसली तरी हाच त्रास.

कोकणकडा:
त्यात भर. ज्योत बारीक असती तर संशय जेटवर घेतला असता. जेट पान्याने काढून रात्रभर रॉकेलमध्ये ठेवायचा, फुंकायचा आणि उजेडाकडे धरून भोक गोल दिसतंय का पाहायचं. फार तर वायरमधली तांब्याची एक तार घालावी. सुई किंवा स्टोव्हची पिन दाबून घातलीत तर भोक मोठं होतं, गॅस जास्त सुटतो आणि पिवळी ज्योत कायमची मागे लागते. तसं आधीच कोणी केलं असेल तर नवा जेट घ्या, त्याच मापाचा. पाइप गॅसचा चालणार नाही, त्याचं भोक मोठं असतं.

फट् आवाजाचं कारण वेगळं. सिमवर मिश्रण हळू बाहेर पडतं, ज्योत भोकांतून आत शिरते आणि जेटपाशी पेटते. टोपी खाचेत नीट बसलेली नाही किंवा भोकं झिजून रुंद झालीत, तर हे हमखास होतं. टोपी बोटाने फिरवून पाहा, डुगडुगायला नको.

ताकभात:
टोपी डुगडुगतेय! सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालून भिजवली तर?

पाना_पक्कड:
एकत्र घातले की दोघं एकमेकांना मारतात, फेस तेवढा छान येतो. लिटरभर गरम पाण्यात दोन चमचे खायचा सोडा, अर्धा तास, पुरे. धुण्याचा सोडा नको, अॅल्युमिनियमची नळी खातो. टोपीची भोकं (जेटचं नव्हे) सुईने मोकळी करायला हरकत नाही, जोर न लावता. मग पूर्ण वाळवा, ओल राहिली तर ज्योत फडफडते. धुऊनही डुगडुगली तर टोपी नवीच घ्या, जुनी दुकानात नेऊन मापाला लावून.

जोडल्यावर नॉब बंद ठेवून रेग्युलेटर उघडा, रबरी नळीच्या दोन्ही टोकांना आणि नॉबच्या मुळाशी साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर रेग्युलेटर लगेच बंद, खिडक्या उघड्या, विजेचं बटण दाबायचं नाही, आणि बाहेर येऊन 1906 ला, म्हणजे गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला, फोन.