नैसर्गिक वायू: वीस वर्षांचा करार की हजर बाजार?

दर्यासारंग (धागाकर्ता)

वायू आयात करणाऱ्या देशांनी दीर्घ मुदतीचे करार हळूहळू सोडून द्यावेत आणि हजर बाजारातून लागेल तेव्हा, लागेल तेवढी जहाजे घ्यावीत, असा सल्ला भाव उतरले की हमखास ऐकू येतो. मला तो घातक वाटतो, म्हणून हा धागा.

वायू साठवणे आणि वाहून नेणे तेलाइतके सोपे नाही. समुद्रापार पाठवायचा तर तो उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावा लागतो, तेव्हा कुठे त्याचे आकारमान सुमारे ६०० पटींनी घटून तो टँकरमध्ये मावतो. हे काम करणारा द्रवीकरण प्रकल्प उभारायला चार-पाच वर्षे आणि अब्जावधी डॉलर लागतात, आणि माल कोण उचलणार हे कागदावर आल्याशिवाय बँका सहसा कर्ज देत नाहीत. जहाजात भरलेला वायूही रोज साधारण ०.१ टक्का उकळून कमी होतो, त्यामुळे चांगल्या भावाची वाट पाहत जहाज महिनोन् महिने उभे ठेवता येत नाही.

१,७४,००० घनमीटरचे एकच जहाज डोळ्यांसमोर आणा. त्यात अंदाजे ३७ लाख एमएमबीटीयू, म्हणजे या व्यापारातील उष्णतेच्या एककात तेवढा, वायू बसतो. एप्रिल २०२० मध्ये आशियातील हजर भाव एमएमबीटीयूला २ डॉलरच्या खाली होता, तेव्हा त्या जहाजातल्या मालाची किंमत पाऊण कोटी डॉलरही नव्हती. जानेवारी २०२१ मध्ये भाव ३० डॉलरच्या वर गेला आणि तेवढाच माल ११ कोटी डॉलरचा झाला. वीज किंवा खत तयार करणाऱ्या कोणत्या कारखान्याला नऊ महिन्यांत कच्च्या मालाची पंधरापट दरवाढ सोसता येईल?

पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये टीटीएफ या डच बाजारात भाव मेगावॅट-तासाला ३०० युरोंच्या वर गेला. एमएमबीटीयूच्या हिशेबात ते ८५-९० डॉलर होतात. जहाजे युरोपकडे वळली. बांगलादेशाने त्या जुलैत हजर खरेदीच थांबवली आणि पाकिस्तानच्या निविदेला एकही बोली आली नाही. त्याच काळात ब्रेंट या मापदंड कच्च्या तेलाशी बांधलेला, म्हणजे पिंपाच्या भावाच्या १२ टक्के इतका एमएमबीटीयूचा भाव ठरवणारा, करार ज्याच्या हाती होता, त्याला वायू १२ डॉलरच्या आसपास मिळत होता.

ताळेबंद

धागाकर्त्यांनी २०२२ चा हिशेब मांडला, पण २०२० चा अर्धाच मांडला. तेलाशी बांधलेल्या करारात भाव ठरतो तो काही महिने आधीच्या तेलाच्या सरासरीवर. २०१९ च्या अखेरीस तेल ६० डॉलरच्या घरात होते, म्हणजे १३ टक्क्यांच्या करारात वायू ८ डॉलरला पडत होता, आणि शेजारी हजर बाजारात तोच वायू २ डॉलरला पडून होता. माल उचलला नाही तरी पैसे भरावेच लागतील, या कलमामुळे खरेदीदाराला हलताही येत नव्हते. वायूचा भाव तेलावरून ठरवण्याची रीत ग्रोनिंगेनचे डच वायुक्षेत्र १९५९ मध्ये सापडल्यानंतर युरोपात रुजली. तेव्हा वायूला स्वतःचा बाजार नव्हता आणि त्याची स्पर्धा इंधन तेलाशी होती, म्हणून ती योग्यच होती. आज ती परिस्थिती उरलेली नाही.

दुसरे असे की, करार असला म्हणजे माल येतोच असे नाही. रशियाकडून वायू घेणाऱ्या युरोपीय कंपन्यांचे करार दीर्घ मुदतीचेच होते. तरीही रशियाहून जर्मनीला वायू नेणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम या समुद्राखालच्या नळीचा प्रवाह जून २०२२ मध्ये ४० टक्क्यांवर आला, जुलैअखेर २० टक्क्यांवर, आणि ऑगस्ट संपता संपता शून्यावर. त्या हिवाळ्यात युरोपला तारले ते हजर बाजाराच्या चढ्या भावाने, कारण त्या भावानेच जगभरची जहाजे ओढून आणली आणि मागणीही घटवली.

उत्तरवारा

ताळेबंद यांच्याशी सहमत. वीस वर्षांचा करार म्हणजे वीस वर्षांच्या मागणीची हमी, आणि सौर व पवन ऊर्जेचे दर पाहता ती हमी देण्याचे धाडस मला तरी होणार नाही. न वापरलेल्या वायूचे पैसे शेवटी ग्राहकाच्याच बिलात येतात.

दर्यासारंग

ताळेबंद, तेलाच्या निर्देशांकाबद्दलचा आपला मुद्दा मला मान्य आहे. कराराची मुदत आणि भावाचे सूत्र या दोन गोष्टी मी एकत्र बांधल्या, ते चुकलेच. रशियाचे उदाहरण मात्र एका नळीचे आणि एका विक्रेत्याचे आहे. चार देशांतून जहाजाने माल घेणाऱ्याला ते जसेच्या तसे लागू होत नाही.

पण युरोपला तारणारी ती जहाजे आली कुठून? मोठा भाग अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरून आला. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथल्या सबिन पास या द्रवीकरण प्रकल्पातून पहिले जहाज निघाले, तो प्रकल्प वीस-वीस वर्षांच्या करारांवरच उभा राहिला होता. हेन्री हबच्या, म्हणजे अमेरिकेतील वायूच्या मापदंड बाजाराच्या, भावाच्या ११५ टक्के, अधिक द्रवीकरणाचे ठरलेले शुल्क, आणि माल कुठेही न्यायची मुभा, असे ते करार होते. २०२० च्या उन्हाळ्यात भाव कोसळले तेव्हा खरेदीदारांनी शंभराहून अधिक जहाजे रद्द केली आणि फक्त ते शुल्क भरले. उत्तरवारा यांची भीती खरी आहे, पण सुटकेची वाट करारातच ठेवता येते. हजर बाजार अशा करारांच्याच खांद्यावर उभा आहे. सगळेच खांदा काढून घेऊ लागले, तर पुढचा प्रकल्प कोणी बांधायचा?

ताळेबंद

प्रकल्पाला कोणीतरी सही करणारा लागतो, हे मान्य. ती सही दहा बाजारांत माल फिरवू शकणाऱ्या व्यापारी कंपनीने करावी, एकच टर्मिनल असलेल्या लहान आयातदाराने नव्हे. त्याने अशा कंपनीकडून पाच-सात वर्षांचा करार घ्यावा.

दर्यासारंग

तेही करून झाले आहे. २०२१ च्या अखेरीस पाकिस्तानला मुदतीच्या करारातली जहाजे व्यापाऱ्यांकडून मिळाली नाहीत. दंड होता, पण हजर भाव इतका चढलेला असताना असा दंड भरूनही तेच जहाज दुसरीकडे विकणे फायद्याचे ठरते. म्हणून मला आता मुदतीपेक्षा दंडाचे कलम महत्त्वाचे वाटू लागले आहे. जहाज चुकले तर दंड करारभावाच्या काही टक्क्यांत मोजू नये. त्या दिवशी पर्यायी जहाज ज्या भावाला मिळेल, तेवढा तो असावा.

ताळेबंद

या कलमावर आपले एकमत आहे. मात्र विक्रेता ते फुकट देणार नाही. १२ टक्क्यांचा करार तो १३ किंवा १४ टक्क्यांवर नेईल, आणि तेल ८० डॉलर असेल तर एका टक्क्याला एमएमबीटीयूमागे ८० सेंट, म्हणजे आपल्याच जहाजामागे सुमारे ३० लाख डॉलर पडतील. वर्षाला बारा जहाजे घेणाऱ्या आयातदाराने हा हप्ता किती टक्क्यांपर्यंत भरावा, हा आकडा आपण आधी मांडावा. मी एका टक्क्यापुढे जाणार नाही.