अनुभव धागा: थँक्सगिव्हिंग, टर्की ब्रेस्ट आणि स्लो कुकर

मोगरावाली:
थँक्सगिव्हिंग म्हणजे अमेरिकेतला नोव्हेंबरातल्या गुरुवारी येणारा, टर्की खायचा सण. काल दुकानात फ्रोजन टर्क्यांची रास दिसली आणि न्यू जर्सीतलं आमचं जुनं अपार्टमेंट आठवलं. ओव्हन होता, पण आपल्या लोकांचा असतो तसा, कढया-परातींनी गच्च भरलेला. शेजारच्या आजी म्हणाल्या, अख्खा पक्षी कशाला, हाडासकट ब्रेस्ट आण आणि स्लो कुकरमध्ये (विजेवर तासनतास मंद शिजवणारं भांडं) लाव. तळाला कांद्याच्या जाड चकत्या, वर ब्रेस्ट, कातडीखाली लोणी-लसूण-मिरी. पाणी थेंबभरही नाही, तिचं तिलाच सुटतं. लोण्यात मी गुपचूप कांदा-लसूण मसाला कालवला. आजींनी दोनदा घेतलं आणि मग नाक पुसत बसल्या. तुम्ही कशी करता? लिहा.

डॅलसची_सून:
2025 ला थँक्सगिव्हिंग आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवार एकाच दिवशी, 27 नोव्हेंबर!! सासूबाई इथेच. देव्हाऱ्यापुढे महालक्ष्मीचा कलश, पोथी चालू आणि नवऱ्याच्या ऑफिसचे लोक संध्याकाळी जेवायला. कुकर गॅरेजमध्ये लावला. वास यायचा तो आलाच. सासूबाई पोथीतून मान वर न करता म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय वाटतं."

बोंबील_बे_एरिया:
😂😂 सासूबाईंना दंडवत. आमचे बांगडे पण गॅरेजमध्येच तळले जातात.

तिखटमीठ:
सकाळी लावून ऑफिसला जाऊ नका. पायाचं मांस तासनतास शिजलं तरी चालतं, ब्रेस्टमध्ये चरबीच नाही, भुसा होतो. सहा पौंडांची असेल तर लो वर पाचेक तासांनी थर्मामीटर खुपसा, हाडाला टेकवू नका. 165 फॅरनहाइट दिसलं की बाहेर. आणि सारखं झाकण उघडून बघायचं नाही!

नवखा२०:
फ्रोजन तशीच टाकली तर चालते का? उद्याच करायचीये

तिखटमीठ:
अजिबात नको. कुकर हळू तापतो, मांस 40 ते 140 फॅरनहाइटच्या मध्ये फार वेळ राहतं आणि जंतूंचं फावतं. फ्रिजमध्ये ठेवून बर्फ सुटायला दर 4-5 पौंडांना एक अख्खा दिवस लागतो. उद्या तू पिझ्झा मागव.

नवखा२०:
🙏 मागवतो

रस्सावाली_कोल्हापूर:
कातडी पांढरी लिबलिबीत राहते त्याचं काय करता? मी काढून ओव्हनच्या ब्रॉयलरखाली (वरून येणारी कडक आच) धरते, पाच मिनिटं, तिथून हलायचं नाही. आणि खाली साठलेला रस ओतणाऱ्यांशी माझी कट्टी. त्यात हाडं उकळायची, ओलं खोबरं, खसखस, तीळ, काजूचं वाटण लावायचं, पांढरा रस्सा तयार. क्रॅनबेरी सॉस पोरांना द्या.

अंधेरीकर:
इथे टर्की कुठे मिळते?

बोंबील_बे_एरिया:
कोंबडी लाव रे, टर्कीला स्वतःची चव असते कुठे! शुक्रवारी उरलेल्या चोथ्याची बिर्याणी करतो, तेव्हा कुठे पैसे वसूल होतात.

शाकाहारी_पण_वाचतेय:
धाग्याशी संबंध नाही, पण स्लो कुकर निघालाच आहे म्हणून. त्यात राजमा कच्चा लावू नका! भिजवून ते पाणी फेका, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा, मगच कुकरमध्ये. त्यातलं विषारी प्रथिन मंद आचेवर जात नाही, उलट्या-जुलाब होतात. आमच्या भिशीतल्या तिघी आडव्या झाल्या होत्या.

डॅलसची_सून:
बापरे, हे माहीत नव्हतं. आईला फॉरवर्ड केलं.

मोगरावाली:
पांढऱ्या रस्स्याचं प्रमाण दे ना ग नीट

रस्सावाली_कोल्हापूर:
पोरीला क्लासहून आणते मग लिहिते. कुणाकडे जुन्या कुकरचं जास्तीचं काचेचं झाकण आहे का? लंबगोल हवंय

बोंबील_बे_एरिया:
झाकण आहे, गोल आहे. कुकर बदल.