रुक्मिणीदेवी शिकवता, मग बालासरस्वती का नाही?

गोडोलीकर

साताऱ्यात भरतनाट्यमचे इतके वर्ग निघालेत याचा मला मनापासून आनंद आहे. पण कुठल्याही वार्षिक कार्यक्रमाला जा, निवेदनात एकच गोष्ट ऐकायला मिळते. देवळातला नाच बदनाम झाला होता, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली मद्रासला कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था काढली, नाच वाचवला, म्हणून आज आपल्या घरातल्या मुली नाचतात. यात खोटं काहीच नाही. पण हे अर्धंच आहे. उरलेलं अर्धं जिच्या आयुष्यात आहे तिचं नाव मुलींच्या कानावरसुद्धा पडत नाही. ती म्हणजे भरतनाट्यमची नर्तकी तंजावर बालासरस्वती, म्हणजेच बाला.

जन्म १३ मे १९१८. आजी वीणा धनम्माळ, आई जयम्माळ, दोघीही मोठ्या कलावंत. घराणं सात पिढ्यांचं आणि मूळ पुरुष नव्हे, मूळ स्त्री पापम्माळ, जी १८व्या शतकात तंजावरच्या दरबारात होती. म्हणजे भोसल्यांच्याच दरबारात. गुरू कंदप्पा पिल्ले हे तंजावरच्या चार भावांच्या वंशातले. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चौघांनी सरफोजीराजांच्या काळात अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना हा रचनांचा क्रम बांधून दिला. आज आपल्या पोरी ज्या क्रमाने शिकतात तो हाच.

बाला सात वर्षांची असताना, १९२५ साली, कांचीपुरमला तिचं अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचं पहिलं नृत्य, झालं. त्यानंतर काही वर्षांतच तिच्या देवदासी समाजातल्या बायकांना नाचणं अशक्य होत गेलं आणि १९४७ साली मद्रास सरकारने देवदासी वाहण्यावर बंदी आणणारा कायदा केला. गुरू अल्मोड्याला उदय शंकरांच्या केंद्रात शिकवायला गेले आणि अकाली वारले. बालाची तब्येत ढासळली, कार्यक्रम थांबले. तरी ती परत उभी राहिली. १९५५ साली संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९७७ साली पद्मविभूषण, मध्यंतरी एडिंबरा, टोकियो, अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठात शिकवणं. आणि शेवटपर्यंत तिचं एकच म्हणणं होतं की शृंगार हा या नाचाचा गाभा आहे, तो काढला तर हातात कवायत उरते.

माझी मागणी साधी आहे. दोघींची आयुष्यं मुलींना सांगा. आणि विशारदपर्यंत पोचलेल्या मुलीला पदम, म्हणजे संथ लयीचं अभिनयाचं गीत, मनापासून शिकवा, उरकू नका.

नट्टुवांगम

ताई, मी गेली बरीच वर्षं वर्ग चालवते. बालासरस्वती थोर होत्या यात वाद नाही. पण तुमच्या लिहिण्यातून रुक्मिणीदेवींनी कुणाचं तरी हिसकावलं असा सूर येतो, तो मला मान्य नाही.

त्या बाईचं आयुष्य जरा नीट बघा. १९२० साली, सोळाव्या वर्षी, त्यांनी जॉर्ज अरुंडेल या इंग्रजाशी लग्न केलं, सगळं मद्रास खवळलं. रशियन नर्तकी अॅना पावलोवांमुळे बॅलेकडे वळल्या, तिथून आपल्या नाचाकडे. तिशीच्या उंबरठ्यावर पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम पिल्ले यांच्यापुढे बसून पहिल्या अडवूपासून, म्हणजे नाचाच्या मूळ पदन्यासापासून, शिकल्या आणि १९३५ साली अड्यारला लोकांसमोर नाचल्या. ज्या घरांत मुलीने पायात चाळ बांधले तर सोयरीक मोडायची, त्या घरांचं दार त्यांनी उघडलं. माझी आई कराडजवळच्या एका खेड्यातली. रुक्मिणीदेवी नसत्या तर मी आज तट्टुकळी, म्हणजे ताल धरायची लाकडी काठी, हातात धरली नसती. बालांचं घराणं रक्ताच्या नात्याने चालायचं. परक्याची पोर त्यात कशी शिरणार होती?

दुसरं, पदम. तेलुगू कवी क्षेत्रय्याच्या पदातली नायिका नवऱ्याला नाही, प्रियकराला विचारते की रात्र कुठे काढलीस. समोर चौदा वर्षांची मुलगी, मागे बाकावर तिची आजी. मी काय करावं असं तुमचं म्हणणं आहे? मिरजेहून गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेचा फॉर्म येतो तेव्हा पालकांचा पहिला प्रश्न असतो, दहावीला वाढीव गुण किती. या जगात राहून मी नाच टिकवतेय.

गोडोलीकर

चौदाव्या वर्षी कुणीच मागत नाहीये. पंचविसाव्या वर्षीही शिकवलं जात नाही, हे माझं दुखणं आहे. अरमंडी, म्हणजे गुडघे वाकवून उभं राहणं, पक्की होते, तीरमानं, म्हणजे पायांच्या वेगवान तालरचना, झडतात, तासभराचं वर्णम पेलतं, आणि अभिनयाची वेळ आली की डोळे मोठे करून भुवया उडवल्या की झालं.

सत्यजित राय यांनी १९७६ साली बालांवर माहितीपट केला. त्यात त्या समुद्राकाठी ‘कृष्णा नी बेगने बारो’ करतात. कृष्णा, लवकर ये, एवढीच ओळ. वय साठीला आलेलं, अंगावर साडी, मागे लाटा, वाऱ्याने पदर धरवत नाही. त्याच ओळीवर त्या एकदा बोटाने बोलावतात, एकदा रागावतात, एकदा काहीतरी देण्याचं आमिष दाखवतात, एकदा नुसतं बघतात. पाय जवळजवळ हलत नाहीत. बाकावरच्या कुठल्या आजीला यात अडचण वाटेल, सांगा. शृंगार म्हटलं की आपण फक्त क्षेत्रय्याची धीट पदं डोळ्यांसमोर आणतो आणि मग भीतीने सगळंच बाजूला ठेवतो.

१९७५ साली तमिळ इसै संगमच्या भाषणात बालांनी अख्ख्या मार्गमची, म्हणजे या सगळ्या क्रमाची, देवळाशी तुलना केली होती. अलारिप्पू म्हणजे गोपुर, जतिस्वरम अर्धमंडप, शब्दम मंडप, वर्णमला आपण देवाच्या सान्निध्यात येतो, आणि पदम म्हणजे गाभारा. हे म्हणणं मान्य करणारा शिक्षक मुलीला मंडपातून परत कसा पाठवेल?

आणि घराण्याबद्दल. १९५३ पासून मद्रासच्या म्युझिक अकादमीत त्या शिकवत होत्या, परदेशातल्या मुलामुलींनाही त्यांनी शिकवलं. रक्ताच्या नात्याची अट त्यांनी घातली नव्हती.

कृष्णाकाठ

मंडळी, तुम्ही दोघी मद्रासमध्येच अडकलात. हा धागा साताऱ्याचा आहे ना? व्यंकोजीराजे शहाजीराजांचे पुत्र, शिवरायांचे सावत्र बंधू. त्यांच्या वंशाने १८५५ पर्यंत तंजावर राखलं. दुसऱ्या शाहजीने तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंधम’ लिहिलं, आणि दुसऱ्या सरफोजींनी नृत्यासाठी मराठीत कोर्वे, म्हणजे नाचाच्या रचना, लिहिले, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने ते छापलेतही. मराठीत लिहिलेलं भरतनाट्यमचं साहित्य हातात असताना छत्रपतींच्या राजधानीत एक मुलगी त्यावर नाचताना दिसू नये? तेलुगू पदं घोकण्यापेक्षा हे बसवा. शृंगार-भक्तीचा वाद आपोआप मिटेल. हा नाच आपलाच आहे, हे एकदा छातीठोकपणे म्हणा.

वाईची लेक

दादा, कोर्वे जरूर बसवा. पण “आपलाच” म्हणताना जरा थांबा. राजांनी वतनं दिली, साहित्य लिहिलं, ते मोठंच काम. पण नाचल्या त्या पापम्माळसारख्या बायका, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांवर संकट आलं तेव्हा त्यांच्या बाजूने कुणी उभं राहिलं नाही. नट्टुवनार, म्हणजे नाच शिकवणाऱ्या आणि ताल धरणाऱ्या, पुरुषांना पुढेही गुरू म्हणून मान मिळाला, घरातल्या बायकांना घरी बसावं लागलं. ही वाटणी कुणी केली तेही मुलींना सांगा.

मी लावणीच्या घरातली. म्हणून गोडोलीकर ताईंनाही एक सांगते. बालांची कहाणी वाचताना तो जुना काळ फार गोड वाटायला लागतो. मद्रासच्या कायद्यासाठी झगडलेल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी स्वतः देवदासी समाजातल्या आईच्या पोटी जन्मल्या होत्या. त्या बाहेरून आल्या नव्हत्या. आमच्या आजीनेही लेकींच्या पायातले चाळ स्वतः सोडवले, शाळेत घातलं, आणि तो तिचा शहाणपणा होता. कला गेली म्हणून हळहळणाऱ्यांनी त्या बाईला काय काय सोसावं लागत होतं तेही मोजावं.

आता साताऱ्याचंच बोलायचं तर वाई इथून तासाभरावर आहे. यमुनाबाई वाईकर तिथल्या. कोल्हाटी समाजात १९१५ साली जन्मल्या, १५ मे २०१८ ला गेल्या, शंभरी ओलांडून. बैठकीची लावणी म्हणजे काय ते त्यांच्याकडे बघून कळायचं. जाजमावर बसून, एक ओळ घ्यायची आणि डोळे, मान, मनगट, पदराचं टोक एवढ्यावर ती पाच-सहा वेगळ्या अर्थांनी खुलवायची. गोडोलीकर ताई, तुम्ही समुद्राकाठचं जे वर्णन केलंत ते हेच नाही का? फरक इतकाच की बालांच्या कलेला शास्त्रीय म्हणून देशाने पद्मविभूषण दिलं, आणि यमुनाबाईंना १९९५ साली संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला तो लोककलेच्या रकान्यात, पद्मश्री मिळाली ती २०१२ साली, नव्वदी कधीच उलटल्यावर. आणि तुमच्या वर्गातल्या किती मुलींना त्यांचं नाव माहीत आहे?

नट्टुवांगम

यमुनाबाईंबद्दल आदर आहेच. पण शास्त्रीय नृत्याला अडवूंची रचना आहे, हस्त म्हणजे हातांच्या मुद्रा आहेत, श्लोकांत बांधलेले शिरोभेद-दृष्टिभेद, म्हणजे मानेच्या आणि नजरेच्या हालचाली, आहेत. पहिल्या दिवसापासून आठव्या वर्षापर्यंत काय शिकवायचं ते ठरलेलं आहे. हे रुक्मिणीदेवींचं सगळ्यात मोठं देणं. त्या गेल्यावर कलाक्षेत्र बंद पडलं नाही, १९९३ साली संसदेने कायदा करून ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवली. व्यक्ती गेली तरी विद्या राहिली पाहिजे. बैठकीच्या लावणीचं तसं झालं नाही, हे कटू असलं तरी खरं आहे.

आणि रुक्मिणीदेवींनी शृंगार पार काढून टाकला हेही खरं नाही. १९४४ साली त्यांनी ‘कुट्राल कुरवंजी’ बसवलं, त्यातली नायिका शिवाच्या विरहात झुरते. त्यांनी मर्यादा आखली. कुणाला ती जास्त वाटेल.

वाईची लेक

अभ्यासक्रम आकाशातून पडत नाही, बाई. कलाक्षेत्राला जागा मिळाली, थिऑसॉफिकल सोसायटीचं पाठबळ मिळालं, मीनाक्षीसुंदरम पिल्लेंसारखे गुरू शिकवायला आले. आमच्या आज्यांना कुणी खोली दिली असती, पगार दिला असता, समोर वहीपेन घेतलेल्या मुली बसवल्या असत्या, तर अदाकारीचाही अभ्यासक्रम झाला असता. रागाच्या अंगाने गायची, ठेक्याचं भान ठेवून समेवर नजर टाकायची, ओळीचा अर्थ दरवेळी नवा काढायचा, हे सगळं ठरलेलंच आहे. लिहून घ्यायला कुणी आलं नाही.

गोडोलीकर

वाईच्या ताईंशी माझं भांडण नाही. कायदा नको होता असं मी म्हटलेलं नाही. पण मुली वाहणं थांबवताना त्या बायकांच्या हातातली विद्या दुसऱ्यांकडे गेली आणि त्यांची नावं पुसली गेली, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली व्हायलाच हवी होती. दुसरी टाळता आली असती. बाला स्वतःच त्याचा पुरावा आहे. तिने नाच सोडला नाही, आपलं घराणं लपवलं नाही, आणि जगभर मान मिळवला.

सूचना करते. पुढच्या वार्षिक कार्यक्रमात मोठ्या मुलींकडून एक पदम, सरफोजींचा एक कोर्वा आणि एक बैठकीची लावणी, तिन्ही बसून केलेल्या अभिनयातून.

कृष्णाकाठ

कोर्व्यांचं पुस्तक मिळवायची जबाबदारी माझी. चाल बसवायला मात्र जाणकार लागेल.

वाईची लेक

लावणी व्हिडिओवर बघून बसवणार असाल तर नको. शिकवणाऱ्या बाया अजून हयात आहेत. त्यांना वर्गात शिक्षक म्हणून बोलवा, नट्टुवनारला देता तेवढं मानधन द्या, आणि पत्रिकेवर नाव गुरू म्हणून छापा. शाल-श्रीफळावर बोळवण करायची असेल तर त्यांना साताऱ्यापर्यंत आणू नका.

नट्टुवांगम

मानधन आणि पत्रिकेवरचं नाव, दोन्ही मान्य. नोव्हेंबर-डिसेंबरच्या परीक्षा झाल्या की तारीख ठरवू. पण अठराच्या आतल्या मुली यात नसतील, आणि निवेदनातून रुक्मिणीदेवींचं नाव एका ओळीनेही कमी होणार नाही. या दोन गोष्टींवर मी मागे हटणार नाही.

गोडोलीकर

कमी करा असं म्हटलंच नव्हतं. बालांचा परिच्छेद मी लिहून पाठवते, तुम्ही तपासा.