साडेपाच तास जुळले, तरी एक सेकंद उरतो

बाहेरच्या डिस्कवर कॉपी केलेल्या फाइलची वेळ कधीकधी साडेपाच तासांनी वेगळी दिसते, ती टाइमझोनमुळे, असं सांगतात. ते कारण बरोबर आहे. फॅट३२ ही डिस्कवर फाइली मांडायची जुनी पद्धत (फाइल सिस्टिम) स्थानिक वेळ लिहिते आणि टाइमझोन नोंदवतच नाही. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी४ यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाणवेळ, धरतात (भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास). पण त्याला जोडून म्हणतात तसं 'टाइमझोन नीट केला की बॅकअप जुळतो' हे पटलं नाही. फॅटमध्ये बदलाच्या वेळेतल्या सेकंदांना पाचच बिट आहेत, म्हणजे ३२ आकडे. त्यात मिनिटाचे साठ सेकंद बसवायचे तर दोन-दोन सेकंदांच्या पायऱ्या कराव्या लागतात. विषम सेकंदाला सेव्ह झालेली फाइल तिथे गेली की एका सेकंदाने सरकते.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका फोटो स्टुडिओचा बॅकअप मी बघतो. लिनक्सवरून फॅट३२ डिस्कवर आरसिंक (फाइलची वेळ आणि आकार ताडून बदललेल्याच फाइली कॉपी करणारा प्रोग्राम) चालवलं की एडिट केलेले निम्मेअधिक फोटो काही बदल नसताना पुन्हा कॉपी व्हायचे. लग्नसराईत रात्र पुरायची नाही. फॅट३२ कार्डावरून वेळ जपून उतरवलेले मूळ फोटो मात्र कधीच नाहीत, कारण त्यांचे सेकंद आधीच सम! त्यावरूनच उलगडा झाला. आरसिंकला मॉडिफाय-विंडो १ हा पर्याय द्या, म्हणजे एका सेकंदाचा फरक ते धरत नाही. विंडोजवर रोबोकॉपी या तशाच प्रोग्रामला एफएफटी हा पर्याय. नवी डिस्क असेल तर सरळ एक्सफॅट या फॅटच्या नव्या रूपात फॉरमॅट करा. तिथे १० मिलिसेकंदांपर्यंत नोंद होते आणि यूटीसीपासूनचा फरक लिहायलाही जागा आहे.