मदत हवी आहे : आईला आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत जळगावला आणायचे आहे, काहीच जमत नाही

बोरीकाठची_लेक
नमस्कार. माझी आई अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी एकटी राहते. गेल्या दिवाळीनंतर वडील वारले. मी, माझे यजमान, सासू-सासरे आणि दोन मुले असे आम्ही जळगावला राहतो. मागच्या महिन्यात न्हाणीत पाय घसरून आईचे डावे मनगट मोडले आणि तेव्हापासून तिला स्वतःची भाकरी स्वतः थापता येत नाही. शेजारची मंडळी डबा देतात, पण तो किती दिवस घ्यायचा? आमच्याकडे तिच्यासाठी खोली रिकामी करून रंगही दिलेला आहे, तरी काही केल्या जमत नाही. प्रत्येक वेळी बोलणे भांडणावर जाते आणि आखाजी तोंडावर आली आहे. त्यानंतर आपल्याकडचे ऊन कसे असते हे मी सांगायला नको. ज्यांनी स्वतःच्या घरात असा प्रसंग निभावला आहे, त्यांनी लवकर मार्ग सुचवावा. मन मोकळे करून बोला, असे कृपया कोणी सांगू नये. ते करून झाले आहे.

तापीकाठ
ताई, तुमची अडचण मला पूर्ण समजली. माझ्या पत्नीची आई आमच्याकडे भुसावळला राहते आणि तिला आणताना माझ्या आईने असाच विरोध केला होता. अशा वेळी सुनेने बोलून काहीही होत नाही. मुलानेच आईला समोर बसवून स्पष्ट सांगावे लागते की, ज्या घरात माझे आई-वडील राहतात, त्या घरात हिची आईही राहील. मी तसे सांगितले, काही दिवस घरात अबोला राहिला आणि मग सर्व सुरळीत झाले. तुमच्या यजमानांना पुढे करा. सासूबाईंना हे तुम्ही पटवून देऊ शकणार नाही.

गिरणेपलीकडची
तापीकाठ यांच्याशी सहमत आहे, पण माझ्या मते बोलण्यापेक्षा स्वयंपाकघर वेगळे करणे महत्त्वाचे आहे. दोन विहिणी एका ओट्यावर टिकत नाहीत. एकीला भाजीत शेंगदाण्याचा कूट लागतो, दुसरीला तो चालत नाही, आणि यातूनच मने दुखावतात. आईच्या खोलीत लहान शेगडी, चार भांडी आणि पिण्याच्या पाण्याची सोय करून द्या.

निवृत्त_शिक्षक_धुळे
वरील दोन्ही उत्तरे घाईने दिलेली आहेत असे मला नम्रपणे वाटते. ताई, आपण ‘जमत नाही’ असे लिहिले आहे, परंतु कोणाला जमत नाही हे लिहिलेले नाही. सासूबाईंचा विरोध आहे असे आपल्या मजकुरात कुठेही आढळत नाही. आईचे वय किती, आपल्याला भाऊ-बहीण आहेत का, गावी शेती आहे का आणि असल्यास ती कोण पाहते, मनगटाचे प्लास्टर कधी निघणार आहे, हे कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंदाज बांधणे होईल.

कायद्याची_वाट
आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण यांसाठी 2007 साली कायदा झालेला आहे. त्यानुसार आई प्रांताधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात अर्ज करू शकते. वकील लावण्याची गरज नसते, दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊ शकतो आणि नोटीस बजावल्यापासून साधारणपणे 90 दिवसांत निकाल अपेक्षित असतो. भावाने जबाबदारी टाळली असेल, तर हा मार्ग अवश्य वापरावा.

चोपडेकर
कायद्याची_वाट, अर्ज कोणाविरुद्ध करायचा? लेक स्वतः आईला न्यायला तयार आहे, खोलीला रंग देऊन बसली आहे आणि तुम्ही तिच्या आईला प्रांताधिकाऱ्यांकडे पाठवत आहात. शिवाय त्या कायद्यातील अपत्यांच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात आहेत. जावई आणि सून त्यात नाहीत. म्हणजे अर्ज झालाच, तर तो याच ताईंविरुद्ध होईल.

कायद्याची_वाट
मी सर्वसाधारण माहिती दिली आहे. पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

बोरीकाठची_लेक
सासूबाईंचा विषय इथे कुठून आला, हेच मला कळत नाही. खोली सासूबाईंनीच रिकामी करून दिली आहे. त्यांचा देव्हारा आणि धान्याच्या कोठ्या त्यांनी आपल्या हाताने दुसऱ्या खोलीत हलवल्या. विरोध आई करते आहे. तिचे वय 69 आहे. मला भाऊ नाही. धाकटी बहीण सुरतला असते आणि तिचे घर दोन खोल्यांचे आहे. गावी सात एकर कोरडवाहू शेती आहे, सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी) आहे आणि चुलतभाऊ देखरेख करतो. प्लास्टर काही दिवसांत निघेल, परंतु त्यानंतरही हाताला जोर यायला वेळ लागेल असे डॉक्टरांनी सांगितले आहे. आईचे म्हणणे एकच, ‘अंडेरना घर माय कसी राही?’ (लेकीच्या घरी आई कशी राहील?) यावर काय उत्तर द्यावे, एवढेच मला विचारायचे आहे.

तापीकाठ
तरीही मी माझ्या मतावर ठाम आहे. वरवर तयारी दाखवणे वेगळे आणि मनापासून बोलावणे वेगळे असते. आईला ते नक्की जाणवले असेल.

चोपडेकर
ज्या बाईने विहिणीसाठी आपला देव्हारा हलवला, तिच्या मनाबद्दल न पाहता असे लिहिणे योग्य नाही. तुमच्या घरी जे झाले ते सर्वांच्या घरी होते, असे धरून चालू नका.

दूरदेशी_नंदुरबारकर
मी बाहेरदेशी असतो आणि आई नंदुरबारला एकटी राहते. मी घरात तीन कॅमेरे बसवले आहेत. ती पडली तर मला इथे लगेच दिसते. ज्यांना घर सोडायचे नाही, त्यांना घरीच राहू द्यावे. पर्याय म्हणून नाशिकमध्ये आता चांगले वृद्धाश्रमही झाले आहेत.

गिरणेपलीकडची
पडलेली दिसेल, पण उचलणार कोण? आणि मुलीचे घर उघडे असताना वृद्धाश्रमाचे नाव कशासाठी घ्यायचे?

कपाशी_आणि_केळी
मी शेतकरी माणूस आहे, म्हणून शेतीपुरतेच बोलतो. आपल्याकडे सालदाराचे साल आखाजीला संपते आणि त्याच दिवशी नवे सुरू होते. मागच्या सालाचा हिशेब, घेतलेली उचल, राहिलेली रक्कम आणि पुढच्या सालाचा ठराव हे सर्व त्या वेळी समोरासमोर होते. वडील गेल्यानंतरची ही पहिली आखाजी असेल, तर हा हिशेब पहिल्यांदाच तुमच्या आईला करायचा आहे आणि ज्या बाईने आयुष्यभर त्या शेतात निंदणी-वेचणी केली, ती हिशेबाच्या तोंडावर गाव सोडणार नाही. तुम्ही तिला आखाजीच्या आत न्यायला निघाला आहात, इथेच गाडे अडले आहे असे मला वाटते. पुढच्या सालापासून सालदार ठेवण्याऐवजी जमीन निम्म्या वाट्याने द्यावी, म्हणजे बियाण्याचा, खताचा आणि मजुरीचा रोजचा घोर तिच्यामागे राहणार नाही. मात्र हा ठराव तिच्याच तोंडून होऊ द्या. तुम्ही किंवा चुलतभावाने परस्पर केला, तर तिला तो कायमचा लागेल.

अंजनीकाठ
ताई, मी तुमच्या आईच्या वयाची आहे आणि मलाही मुलगा नाही. मी आता नाशिकला लेकीकडे असते, परंतु इथे येण्याआधी मी तिला फार दिवस नकार दिला होता. तो नकार कशासाठी होता, ते लिहिते.

लेकीच्या घरचे पाणीसुद्धा पिऊ नये, असे आमच्या पिढीने ऐकले, ते तर मनात होतेच. परंतु खरे कारण ते नव्हते. जावई चांगले आहेत, विहीणबाई माझ्यापेक्षा समजूतदार आहेत. मला वाटत होते की, मी घराला कुलूप लावले की माझ्या लेकींचे माहेर संपले. आपल्या खान्देशात आखाजी म्हणजे लेकीचा सण. सासरी कितीही सुख असले, तरी त्या चार दिवसांत गौराईची गाणी म्हणायला, निंबाच्या झोक्यावर बसायला आणि आईच्या हातची सांजोरी खायला ती माहेरी येते. मी एका लेकीच्या घरी कायमची राहायला गेले, तर दुसरीने आखाजीला कोणाच्या दारी जायचे? बहिणीच्या सासरी? तुमची धाकटी सुरतला आहे, म्हणजे हा प्रश्न तुमच्या आईच्या मनात असणारच. तिने तो बोलून दाखवला नसेल, कारण बोलले की तुम्ही रडणार, हे तिला ठाऊक आहे.

आणि एक गोष्ट कपाशी_आणि_केळी यांच्या लिहिण्यात अर्धीच आली आहे. ही तुमच्या वडिलांची पहिली आखाजी आहे. त्यांच्या नावाची घागर त्यांच्याच घरात भरली जाईल, तिच्यावर डांगर (खरबूज) आणि सांजोरी ठेवली जाईल, आगारी (विस्तवावर पितरांचा नैवेद्य) टाकली जाईल, भाऊबंद पंगतीला बसतील. ते सोडून तिने आधीच जळगावला यावे, असे तिला सांगणे तिला किती जड जात असेल, याचा विचार करावा.

बोरीकाठची_लेक
अंजनीकाठ मावशी, तुमचे उत्तर वाचून मी लगेच आईला फोन केला. घागर चुलतभाऊ भरणार आहे, हे आधीच ठरले होते. सुरतच्या बहिणीचा विषय मी काढला, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली की, धाकटीला या वर्षी वडिलांवाचून घरात पाऊल टाकायचे आहे, तर निदान दार तरी उघडे असू दे. हे तिने मला आजपर्यंत सांगितले नव्हते. आखाजीच्या आत आणण्याचा विषय मी आता सोडला आहे. पुढे कसे करावे ते सांगा. सासूबाई म्हणतात की, मी स्वतः गावी जाऊन त्यांना बोलावणे करते. ते बरे दिसेल का?

निवृत्त_शिक्षक_धुळे
बरे दिसेल, किंबहुना तेच आवश्यक आहे. मुलीने नेणे आणि विहिणीने मानाने बोलावणे यांत आपल्या समाजात मोठा फरक मानला जातो. तापीकाठ यांच्या शंकेलाही याहून चांगले उत्तर असू शकत नाही. मात्र सासूबाईंनी सणाच्या दिवशी जाऊ नये. आपली नणंद असेल, तर तीही त्या दिवशी माहेरी येईल आणि तिची आई घरात असायला हवी. सण होण्याआधी जाऊन बोलावणे करावे आणि निघण्याचा दिवस आईलाच ठरवू द्यावा.

दुसरे असे की, ‘कायमचे’ हा शब्द कोणीही उच्चारू नये. हाताला जोर येईपर्यंत आणि पहिला पाऊस पडेपर्यंत, एवढेच सांगावे. पेरणीच्या वेळी तिला गावी जायचे असेल, तर कोणीतरी सोबत जावे. घराची किल्ली तिच्याजवळच राहू द्यावी आणि गावातील घराची झाडलोट चालू राहील अशी व्यवस्था करावी. पुढच्या आखाजीला आपण दोघी बहिणींनी तिला घेऊन त्याच घरी जावे, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

बोरीकाठची_लेक
नणंद येतात. म्हणून सासूबाईंनी या रविवारीच जावे, असे मी सुचवले आणि त्या तयार आहेत. यजमान त्यांना अमळनेरपर्यंत रेल्वेने नेतील.

कायद्याची_वाट
माझे पहिले उत्तर आपल्या उपयोगाचे नव्हते, परंतु हे असेल. वडिलांची वारस नोंद झाली आहे का? नसेल, तर आई गावी असतानाच मृत्यूचा दाखला जोडून ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत देणे अपेक्षित असते. जमीन वडिलांच्या एकट्याच्या कमाईची असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलेले नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई आणि तुम्ही दोघी बहिणी समान हिश्शाने वारस आहात. वडिलोपार्जित असेल, तर हिश्शांचा हिशेब वेगळा होईल. सातबाऱ्यावर आईचे नाव लागलेले असेल, तर ती गावाबाहेर राहिली तरी तिच्या मनाला आधार राहील. कोणाच्या सांगण्यावरून घाईने हक्कसोडपत्र करू नका.

बोरीकाठची_लेक
नोंद अजून झालेली नाही. आई विचारत होती, पण कोणी मनावर घेतले नाही. मी यजमानांबरोबर कागद पाठवते.

कपाशी_आणि_केळी
ते काम आधी करा. वाट्याने जमीन देण्याचा ठरावही आईच्या नावाने झालेला बरा.

गिरणेपलीकडची
शेगडीचे मात्र विसरू नका. हात बरा झाला की तिला कोणाला न विचारता आपल्यापुरता चहा करता आला पाहिजे आणि बहीण आली, तर तिच्या हातावर काहीतरी ठेवता आले पाहिजे.

अंजनीकाठ
हे गिरणेपलीकडची यांनी अगदी योग्य सांगितले. माझ्या लेकीने मला दुधाचा हिशेब सोपवला होता, म्हणून मी नाशिकला रुळले. तुमच्या आईला पाहुणीसारखे बसवून ठेवू नका. धान्य निवडणे, पापड-कुरडयांचे पाहणे, नातवंडांना अहिराणी शिकवणे, यांपैकी जे तिला आवडेल ते तिच्याकडे द्या. तिने खर्चासाठी पैसे दिले, तर नाही म्हणू नका. शेतीचे उत्पन्न तिचे आहे आणि ते देताना तिची मान ताठ राहते.

तापीकाठ
सासूबाईंबद्दल मी जे लिहिले, ते माझ्या घरच्या अनुभवावरून होते; त्या स्वतः निघाल्या आहेत, हे वाचून समाधान वाटले. एक सांगतो. जळगावच्या न्हाणीत भिंतीला धरायला कांब बसवून घ्या आणि फरशी घसरडी असेल, तर खडबडीत करून घ्या. गावच्या न्हाणीतही तेच करा, कारण ती तिकडे जात-येत राहणार आहे. आमच्याकडे ते दुसऱ्यांदा पडणे झाल्यावर केले गेले.

दूरदेशी_नंदुरबारकर
कांब किती उंचीवर बसवावी, हे कोणी सांगू शकेल का? मलाही आईच्या घरी बसवायची आहे.

तापीकाठ
आईला न्हाणीत उभे करून, हात सहज जिथे जाईल तिथे खूण करा आणि मग गवंड्याला बोलवा. बसून उठण्यासाठी एक वेगळी, खालच्या बाजूला लागते.