अनुभव धागा: धंद्याचं नाव कसं ठरलं? (गाड्या धुणारे, चमकवणारे पयले या)

काळीमाती
काल भाच्याचा फोन आला. आर्णीले गाड्यांच्या डिटेलिंगचं (म्हंजे गाडी धुवून चमकवाचं) टाकून रायला, शेड झालं, पंप आला, फोमची गन आली, आता नाव पायजे. "मामा तुमीच सांगा, तुमचं नाव किती फेमस झालं." फोन ठेवला अन् लय हसलो. आमच्या नावाचं जे झालं ते त्याले मायीत नाई, तो तवा शाळेत असन.

तर आमच्या बाबाचं म्हणनं असं का धुवाच्या दुकानाले नाव कायले पायजे, पाइप दिसला का लोकं येतेच. आईचं म्हणनं गजानन महाराजाचं नाव ठेव. ते ठेवलंच असतं, पण आमच्या त्या पट्ट्यात गजानन नावाचं टायरचं दुकान, रसवंती, झेरॉक्स, कृषी केंद्र, मंगल कार्यालय, सारंच अगोदरून होतं. तेवढ्यात पुण्याहून जावई आले. आता जावयाचं कोण टाळते? त्यायनं मोबाईलवर फोटो दाखवले, तिकडं म्हणे 'ऑटो स्पा' लिवतात, समोर एखादा भारी इंग्रजी शब्द लावा. बोर्ड आला, निळा, लायटिंगवाला.

पयल्याच आठवड्यात गावातले ऑटोवाले लायनीत उभे! आपल्याकडं ऑटो म्हंजे तीनचाकी, त्यायची काय चूक. एक जण तर म्हणे, चला, आपल्या लोकाईसाठी कोनंतरी काढलं बापा. नाई कसं म्हणाव, धुतले. तिकडं रंगावरची चिकटलेली घाण काढाचा क्ले बार अन् पॉलिशर डब्यात बंद. अन् 'स्पा'चं तर इचारूच नका. रात्री दहा-अकराले फोन येत, "लेडीज स्टाफ हाये का?" असाच एक फोन बाबाच्या हाती लागला. बाबा शांतपणे म्हणे, "हाव, तुई काकू हाये, ये."

शेवटी नाव लोकायनंच पाडलं. शेडच्या बाजूले मोठा वड होता म्हणून 'वडाखालचं वॉशिंग'. मंग नागपूर-तुळजापूर रोड चौपदरी झाला, वड गेला, पण नाव काई गेलं नाई. नवा माणूस वड पाहत पाहत पुढच्या फाट्यापर्यंत जाते अन् तिथून फोन करते. आता बोर्डावर तेच लिवून घेतलं.

तुमचं कसं ठरलं ते लिवा. धंदा कोनताबी चालते.

संत्रामंत्री
काकूचा किस्सा आमच्या घरी मोठ्यानं वाचून दाखवला, आई म्हणते ह्या बाबाले एकदा भेटाच लागते.
वरूडचा हाव मी. भावानं वॉशिंग सेंटर काढलं तवा पेंटर म्हणे अक्षराच्या हिशोबानं घेईन. भाऊ एक नंबरचा कंजूस, तो नावच लहान करत बसला. पयले 'चमक', मंग 'धुऊ', शेवटी 'लख्ख' वर आला. पेंटर म्हणे जोडाक्षराचे दोन धरीन. तिथंच अर्धा तास भांडण, चहा दोनदा झाला, चहाचे पैसे अक्षराच्या पैशापेक्षा जास्त गेले.

खारपाणी
दर्यापूर साइड. नाव बिव मागून, आधी पाणी पहा राजेहो. खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यानं गाडी धुवा अन् उन्हात उभी करा, फडकं आणेपर्यंत अंगभर पांढरे ठिपके. पाणी उडून जाते पण क्षार तिथंच बसते, अन् मे महिन्यात बोनट इतकं तापते का तो डाग रंगावरच्या क्लिअर कोटमधी, म्हंजे पारदर्शक थरात, चावून बसते. मंग पातळ केलेलं व्हिनेगर लावा, नाई गेलं तर कंपाउंड (घासून डाग काढाची पेस्ट), तरी नाई गेलं तर मशीन. म्हंजे धुतल्याचे दोनशे अन् धुतल्यामुळं पडलेले डाग काढाचे हजार. लोकं म्हणत, तुमीच घाण करता अन् तुमीच साफ करता. खोटं नव्हतं ते.

मंग मी शेडच्या टिनाचं पावसाचं पाणी टाक्यात घेतलं अन् बाकी दिवस टँकर. बोअरच्या पाण्यानं नुसता चिखल पाडाचा, शेवटचा हात गोड्या पाण्याचा, तोबी सावलीत, अन् लगेच मायक्रोफायबरनं पुसून घ्याचं.

पोरगा म्हणे डिटेलिंग लिवा, सिरॅमिक (रंगावर लावाचं कोटिंग) लिवा. मी मोठ्या अक्षरात लिवलं 'गोडं पाणी', खाली बारीक 'कार वॉश व पॉलिश'. दुसऱ्याच दिवशी दोन बाया पाणी भराचे गुंड घेऊन हजर. भरू देल्लं, काय करता. त्यातल्या एकीचा पोरगा मास्तर हाये, त्याची पांढरी गाडी तवापासून माह्याकडंच येते.

काळीमाती
@खारपाणी भाऊ जबरदस्त! 'गोडं पाणी' हे नाव दर्यापूरलेच चालते, आमच्याकडं लिवलं तर लोकं उसाचा रस मागतीन.

दोन लेकींची आई
भाकरी टाकता टाकता लिहिते आहे, चुकलं तर समजून घ्या. आमच्या मिस्टरांचं मूर्तिजापूरला कार वॉशचं आहे. मोठी गौरी, तेव्हा तीच एकटी होती, म्हणून 'गौरी कार वॉश'. सगळं छान चाललं. मग धाकटी आर्या झाली आणि ती तिसरीत गेल्यावर तिला बोर्ड वाचता आला. झालं! जेवेना, बोलेना, बाबांकडे बघेना. माझं नाव कुठे आहे म्हणून. मी म्हटलं पुढचं दुकान तुझ्या नावाचं काढू, तर म्हणते कधी, तारीख सांगा.

शेवटी ह्यांनी दोघींची पहिली अक्षरं जोडली, 'गौआ'. मी म्हटलं अहो हे काय, पण बोर्ड झाला होता. आता अख्खं गाव 'गोवा' म्हणतं. परवा शेजारचे भाऊजी आले होते, म्हणे वहिनी, गाडी घेऊन गोव्याला गेलो होतो, दीड तासात परत आलो. सासूबाईंना आधी खरंच वाटलं, त्यांनी काजू आणले का विचारलं.

वणीकर
गोवा!! ताई आता मेनू कार्डात 'बीच पॅकेज' टाका.

इकडं आमच्या वणीत कोळसा. सगळ्या धंद्यायले 'ब्लॅक' अन् 'डायमंड' लावाची सवय, हॉटेलले तेच, जिमले तेच. माह्या पार्टनरलेबी तेच पायजे होतं. मी म्हनलं भाऊ आपुन काळं काढतो, लावत नाई. तो रुसला. मंग साधं फाट्याचं नाव टाकलं, अमुक फाटा वॉशिंग. डोकं लावाची गरजच नाई पडली, बसचा कंडक्टर रोज फुकटात आमचं नाव वरडते.

बाकी नवीन पोट्ट्यायसाठी सांगतो, कोळशाच्या धुळीवर कोरडं फडकं मारू नका. रोज सकाळी डायवर लोकं खराट्यासारखं झटकते अन् मंग म्हणते उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे काऊन दिसते. आधी प्रेशरनं धूळ उडवाची, मंग फोम, तो जरा राहू द्याचा, मंगच हात.

सेतूवाला
मी कागदपत्रांचं काम करतो, घाईत लिहितोय, समोर माणसं उभी आहेत.
भाच्याला सांगा, नाव ठरलं की सगळीकडे तेच आणि तसंच टाकायचं. शॉप ॲक्ट (दुकानाची नोंद), उद्यम (लहान उद्योगाची सरकारी नोंद), बँकेचं करंट खातं, सगळीकडे एकच स्पेलिंग. एकाचं शॉप ॲक्टला 'वॉशिंग सेंटर' आणि उद्यमला 'कार केअर', बँकेनं खातं उघडायला महिना फिरवलं. क्यूआर कोडवर पण धंद्याचं नाव दिसलं पाहिजे, नाहीतर स्कॅन केल्यावर मेहुण्याचं नाव येतं आणि गिऱ्हाईक म्हणतं हा कोण?
वीसपेक्षा कमी माणसं असतील (2025 च्या बदलाआधी दहापेक्षा कमी) तर 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्यात नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. उद्यमला एक रुपया लागत नाही, कोणी मागितला तर देऊ नका. आणि बोर्ड देवनागरीत मराठी, दुसऱ्या भाषेची अक्षरं त्याहून मोठी नकोत. 2022 पासून हे लहान दुकानांना पण आहे. जावईबापूंचा निळा बोर्ड त्यात बसला असता का, मला शंका आहे.
ट्रेडमार्क कोणाला हवाच असेल तर गाड्यांच्या सर्व्हिसचा वर्ग 37, एकट्या माणसाला ऑनलाइन साडेचार हजार फी. पण 'चकाचक कार वॉश' असलं नुसतं कामाचं वर्णन करणारं नाव सहजी मिळत नाही. देवाधर्माच्या नावावर एकट्याचा हक्क मागायला जाल तर तेही अवघड, 'रामायण' या नावाचं सुप्रीम कोर्टात 2015 साली काय झालं ते बघा. तालुक्याच्या धंद्याला माझ्या मते गरज नाही, ते पैसे पंपात घाला.

सुर्जीकर
आमच्या अंजनगाव तालुक्यातलं शेंडगाव गाडगेबाबांचं जन्मगाव. म्हणून आमच्या मित्रानं ठरवलं का साफसफाईचा धंदा, तर बाबांचंच नाव. त्याचे वडील भडकले. म्हणे बाबांनी खराटा हातात घेऊन गावं झाडली, त्याचे पैसे नाई घेतले, तू पाचशे घेशील अन् त्यांचं नाव लावशील? पोरगा गप. फोटो आत लावला, रोज अगरबत्ती लावते, बोर्डावर दुसरं नाव.
मला स्वतःला वाटते लावलं असतं तर काही बिघडत नव्हतं. दारूच्या दुकानाले महापुरुषायचं नाव नको हे बरोबर, तो नियमबी आला. पण गाडी धुणं त्यात कुठं बसते?

दोन लेकींची आई
@सुर्जीकर वडिलांचं बरोबर वाटलं मला. बोर्ड खाली पडतो, त्यावर चिखल उडतो, कोणी पान खाऊन थुंकतो. आमच्या इथे एका दुकानाच्या बोर्डावर देवीचं नाव आहे आणि खाली कुत्री झोपतात, मला तर बघवत नाही.

सुर्जीकर
कुत्री झोपली तर देवीले काय त्रास हाये ताई :)

झाडीपट्टी
वडसा देसाईगंज. दिवाळीनंतर आमच्याकडं नाटकाचा सीझन, मंडळांच्या गाड्या रातभर फिरतेत, सकाळी धानाच्या बांधीतला चिखल घेऊन परत येतेत. नाव ठेवासाठी एका नाटकवाल्यालेच बलावलो. त्याने नाव नाही देला, रेटकार्ड देला! पहिला अंक फोम, दुसरा अंक पॉलिश, तिसरा अंक कोटिंग. आता गिऱ्हाईक येऊन सांगते, आज दोनच अंक करा, तिसऱ्याले पैसे नाहीत. नाव आतापर्यंत नाही ठेवलो, 'तीन अंकवाला' म्हणतेत, चालते.

यवतमाळकर पुण्यात
त्या जावयांच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितोय, मी पण कोणाचा तरी जावई आहे. इकडे 'वॉशिंग' लिहिलं की लोक शंभर रुपयांचा धंदा समजतात, 'डिटेलिंग' लिहिलं की तोच माणूस कोटिंगचे वीस हजार विचारून जातो. नावानं गिऱ्हाईक निवडलं जातं हे खरं आहे. फक्त गाव बघून निवडायला हवं. माझ्या सासरी, घाटंजीला, साल्यानं 'सिरॅमिक' मोठं लिहिलं तर एक काका बाथरूमचं माप घेऊन आले होते, फरशीचा भाव विचारायला. साल्यानं भाव सांगितला! म्हणे माझ्या मित्राचं दुकान आहे, कमिशन मिळालं.

वणीकर
साला पक्का धंदेवाला हाये.

संत्रामंत्री
ते जाऊ द्या, दसऱ्याच्या पूजेचं हळद-कुंकू पांढऱ्या बंपरवरून कसं काढाव? मागच्या दसऱ्याचं हाये. बायको म्हणते राहू दे, शुभ असते.

खारपाणी
साबणानं नाई गेलं ना? मंग पॉलिश लावून हातानं घास, दोनदा. प्लास्टिकवर पिवळी छटा राहिली तर उन्हात उभी ठेव, हळदीचा रंग उन्हानं उडते. कुंकवाची ग्यारंटी देत नाई. यंदा डायरेक्ट बंपरवर नको लावू, नारळाले लाव अन् नारळ दाखव गाडीले.

काळीमाती
भाच्याले हे सारं वाचाले लावलं. त्याचं उत्तर, "मामा नावाचं पाहू मंग, तो टँकर कितीले पडते ते इचारा." अन् वडश्याच्या भाऊचं रेटकार्ड त्याले लय आवडलं, पण आर्णीत नाटक कोन पायते, म्हणून तो 'पयलं पाणी, दुसरं पाणी' करतो म्हणते, कपाशीच्या हिशोबानं. मले बरं वाटलं ते. नाव घरचे मिळून ठरवतीन, बहीण महाराजावर अडून बसली हाये अन् यंदा जावई भाच्याच्याच घरी उतरले हायेत.

सेतूवाला
जावई आलेत म्हणजे बोर्ड निळा. आधी मराठीत लिहून घ्या म्हणावं.

खारपाणी
टँकर पाच हजार लिटरचा घे, भाव पाण्यावर अन् अंतरावर, उन्हाळ्यात तर इचारूच नको. पण आर्णीले खारं पाणी नाई ना, त्याले टँकर कायले पायजे? बोअरचं पाणी तपासून घे म्हणा आधी, टीडीएसचं, म्हंजे पाण्यातले क्षार मोजाचं, पेनासारखं मीटर भेटते ऑनलाइन. अन् पंप कोनता घेतला?

काळीमाती
दोन एचपी, सिंगल फेज. थ्री फेज घेत होता, मी म्हनलं शेतातल्या थ्री फेजचा टाइम पायला ना, रातच्या दोनले गाड्या धुशीन का?

वणीकर
रात्री दोनले धुत असन तर आमच्या खदानीवरचे सगळे डायवर पाठवतो, शिफ्ट तेव्हाच सुटते. रेट सांग.