सातव्या महिन्यात मुंबई ते न्यूयॉर्क विमानप्रवास, आणि केबिन क्रूमधल्या मेव्हणीचा प्रश्न

कोथरूडकर_७१:
बायको २७ आठवड्यांची असताना थेट विमानाने न्यूयॉर्कला जाणार, ७ आठवड्यांनी परत. एकच बाळ, बीपी-शुगर ठीक, हिमोग्लोबिन १०.२. कागदपत्रं काय लागतील आणि १५-१६ तास बसताना काय सांभाळायचं? शिवाय मेव्हणी आंतरराष्ट्रीय मार्गांवर केबिन क्रू आहे, तिला सातवा आठवडा लागलाय. घरात वाद असा की एकीला चालतं तर दुसरीला का नको?

रनवे_२७:
जायच्या नाही, परतीच्या तारखेचे आठवडे मोजा. परतताना ३४ होतील, आणि अडवतात ते तिथे. बहुतेक कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात. एकच बाळ असेल तर साधारण ३६ आठवड्यांपर्यंत नेतात, जुळं असेल तर ३२ पर्यंतच. नेमकी मर्यादा आपल्या कंपनीच्या नियमांत वाचा. पत्र किती दिवसांपूर्वीचं चालतं तेही बघा. ते काही दिवसांचंच लागत असेल तर इथून नेलेलं परतीला निरुपयोगी, तिकडच्या डॉक्टरची वेळ आधीच घ्या.

पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर हवं: प्रसूतीची अपेक्षित तारीख, प्रवासाच्या दिवशी किती आठवडे, बाळ एक की जुळं, गुंतागुंत नाही, प्रवासास योग्य, खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. 'सातवा महिना चालू' असं लिहिलेलं काउंटरवर कुणी धरत नाही. प्रवासविम्यात गरोदरपण आणि अकाली जन्मलेल्या बाळाचा खर्च धरलाय का, तेही तपासा.

लेबररूम:
केबिनमधला दाब ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा. आईच्या रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरतो, पण बाळाचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं, त्यामुळे निरोगी गरोदरपणात अडचण येत नाही. १०.२ चालेल. ८ च्या खाली असतं तर आधी ते वाढवा म्हटलं असतं. रक्तस्राव, वार (प्लासेंटा) खाली असणं, वाढलेला बीपी, अकाली कळांची शक्यता, यांपैकी काही असेल तर तिकीट रद्द.

खरी भीती पायातल्या गुठळीची. घोट्याशी १५-३० मिमी दाबाचे, मापाचे कॉम्प्रेशन मोजे घ्या आणि सकाळी पाय सुजण्याआधी चढवा; वरची कड गुंडाळली गेली तर तिथेच काचतं. मधल्या वाटेलगतची सीट, तासा-दीड तासाने फेरी, बसल्याबसल्या घोटे फिरवणं. सीटचा पट्टा पोटाखाली, कमरेच्या हाडांवर. वर गेल्यावर पोटातला वायू जवळजवळ एक तृतीयांशाने फुगतो, तेव्हा आदल्या रात्री छोले-राजमा नको, सोडाही नको. 'खबरदारी म्हणून' ॲस्पिरिन सुरू करू नका. आधी गुठळी झाली असेल तर हेपरिनचं (रक्त गोठू न देणारं) इंजेक्शन लागतं का ते डॉक्टर ठरवतील. उतरल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली (गरोदरपणात बहुधा डावी) किंवा धाप लागली तर त्याच दिवशी दवाखाना.

मिलीसिव्हर्ट:
मेव्हणीचा हिशेब वेगळा. उत्तरेकडच्या लांब मार्गांवर तासाला अंदाजे ५ मायक्रोसिव्हर्ट वैश्विक (अवकाशातून येणारी) किरणं धरा; सिव्हर्ट हे किरणांचा डोस मोजायचं एकक, आणि १००० मायक्रो म्हणजे १ मिली. तुमच्या बायकोचे जाऊन-येऊन ३० तास म्हणजे ०.१५ मिलीसिव्हर्ट, गर्भासाठी शिफारस केलेली मर्यादा पूर्ण गरोदरपणात १. मेव्हणी महिन्याला ८० तास उडत असेल तर महिन्याला ०.४, म्हणजे अडीच महिन्यांत १ संपलं. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेच्या मते पहिल्या तीन महिन्यांत ०.३६ किंवा जास्त झालं तर गर्भपाताचा धोका वाढू शकतो. त्यांच्याच २०१५ च्या अभ्यासात त्या तीन महिन्यांत घरच्या झोपेच्या वेळी एकूण १५ तास वा अधिक ड्युटी करणाऱ्या क्रूमध्येही तो जास्त दिसला. विषुववृत्ताजवळच्या मार्गांवर किरणं बरीच कमी, पण रात्रीची ड्युटी तिथेही असतेच. शिवाय ट्रॉली ढकलणं, सामान उचलणं.

म्हणून तिने आजच कंपनीच्या वैद्यकीय विभागाला लेखी कळवून जमिनीवरचं काम मागावं. 'तिसरा महिना होईपर्यंत सांगायचं नाही' ही रीत इथे नडते, कारण जपायचे आठवडे तेच. उडालेल्या मार्गांचा डोस एफएए या अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाच्या कॅरी-७ या प्रोग्रॅममधून काढता येतो.

कोथरूडकर_७१:
आणि विमानतळावरचा स्कॅनर?

रनवे_२७:
माणसांच्या दारात एक्स-रे नसतो, धातुशोधकाचं चुंबकीय क्षेत्र असतं. अमेरिकेतले उभे स्कॅनर मिलिमीटर लहरींवर चालतात. तरी नको वाटलं तर हाताने तपासायला सांगा. एक्स-रे असतो तो बॅगांच्या पट्ट्यावर, आणि तो आतून झाकलेला असतो.